'दुर्धर आजार' म्हणजे नेमकं काय? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

बाबांचं आठ महिन्यांपासून डायलिसिस चालू आहे. सोम-बुध-शुक्र, दर वेळी चार तास. जिल्हा परिषदेकडून मदत मिळते म्हणून परवा फॉर्म आणला. वर ठळक अक्षरांत 'दुर्धर आजारग्रस्त रुग्णांस अर्थसहाय्य'. तो नेमका आईच्या हाती पडला. तेव्हा काही बोलली नाही. रात्री ओटा पुसता पुसता एवढंच म्हणाली, "म्हणजे डॉक्टरांनी तुला सांगितलंय, मला नाही."

तिचं तरी काय चुकलं? हा शब्द आपण वाचतो कुठे, तर पेपरातल्या निधनवार्तेत. 'दुर्धर आजाराने निधन.' कॅन्सर म्हणायची भीती वाटली की दुर्धर म्हणून मोकळे होतात. खडखडीत बरा झालेल्या माणसाच्या बातमीत मी तरी हा शब्द पाहिलेला नाही. त्याच फॉर्मवर हृदयरोगही आहे, आणि बायपास झालेले शेजारचे काका रोज टेकडी चढतात, हे सांगून पाहिलं. पटलं नाही.

दुर्धर आणि असाध्य एकच का? आणि आईला पटेल असा दुसरा शब्द आहे का?

प्रतिसाद १
एकच नाहीत. दुर्धर म्हणजे धरायला, सोसायला कठीण. बरा होणार की नाही, हे त्या शब्दात नाहीच. ते 'असाध्य'मध्ये आहे. सरकारी कागदावर दुर्धर म्हणजे लांबणारा, खिसा रिकामा करणारा मोठा आजार, इतकंच समजा. 'अत्यवस्थ' आणखी निराळा. ती त्या घडीची अवस्था. न्यूमोनियाने अत्यवस्थ झालेला माणूसही बरा होऊन घरी जातो.

प्रतिसाद २
आयुर्वेदात साध्य आणि असाध्य यांच्या मध्ये 'याप्य' आहे. मुळातून जात नाही, पण उपचार चालू आहेत तोवर आटोक्यात राहतो. सुश्रुतसंहितेत उपमा दिलीय: पडू पाहणाऱ्या घराला नीट लावलेला टेकू. तुमच्या बाबांच्या डायलिसिसला मला तरी हाच शब्द चपखल वाटतो.

धागाकर्ता
दोघांचे आभार. टेकू कामाला येईल! गावच्या पडवीला सहा वर्षांपूर्वी आईनेच सुताराच्या मागे लागून टेकू लावून घेतला होता. पडवी अजून उभी आहे, खाली तिचे पापडही वाळतात.

सिव्हिल सर्जनचा दाखला लागतो म्हणे. उद्या बुधवार, डायलिसिसचा. गुरुवारी जातो, आईला घेऊनच.