कुत्र्यानं सहन करायचं आणि मुलाला शिकवायचं नाही?

पाऊलखुणा
काल एका आईनं लिहिलं होतं, "दोन वर्षांच्या लेकराला काय कळतंय? कुत्रं घरचंच आहे, शेपूट ओढली तरी काही करत नाही. मोठं झालं की आपोआप कळेल." ते डोक्यातून जाईना म्हणून लिहिते. कुत्रं काही करत नाही असं कसं? ते तोंड फिरवतं, ओठ चाटतं, झोप नसताना जांभई देतं, डोळ्यांच्या कडेचं पांढरं दिसायला लागतं, अंग ताठ होतं. ते सांगत असतं, आपलं लक्ष नसतं.

आणि मूल आपोआप शिकत नाही. त्या वयात हाताला लागेल ते मुठीत आवळलं जातं. "हळू, हळू" ओरडून माझाही घसा बसला होता. शेवटी मुलाचा हात माझ्या हातात घेतला, तळवा उघडा ठेवला आणि खांद्यापासून पाठीवरून, केसांच्या दिशेनं फिरवला. तीन सेकंद, मग हात मागे. कुत्री पुन्हा जवळ आली तर परत, नाहीतर तिथंच थांबायचं.

वाटसरू
ताई, दोन पोरं आणि आजारी वडील सांभाळणाऱ्यानं दर वेळी हात धरत बसायचं कधी? आमचा कुत्रा धाकटीवर गुरगुरला, मी जोरात दटावलं. पुन्हा गुरगुरला नाही. विषय मिटला.

झाडाखाली
विषय नाही मिटला, इशारा मिटला. आम्हीही गुरगुरला की ओरडायचो. तो गप्प झाला, आम्ही खूश. पुढे पुतणी झोपलेल्या कुत्र्याच्या अंगावर पालथी पडली आणि आवाज न करता त्यानं गालाला चावा घेतला. टाके पडले. कुत्र्याला घर सोडावं लागलं. चूक आमची होती.

वाटसरू
म्हणजे पोरीच्या अंगावर आला तरी त्याला बोलायचं नाही? माणसाचं पोर आधी, हे ऐकून घ्या.

पाऊलखुणा
पोर आधी म्हणूनच गुरगुर ऐकू यायला हवी! गुरगुरला की पोरीला बाजूला घ्या, मग कारण शोधा. एरवी शांत असलेलं कुत्रं अचानक गुरगुरायला लागलं तर कान, दात, सांधे दुखतायत का ते डॉक्टरांकडून बघून घ्या.

मनीची मावशी
तुम्ही सगळे कुत्र्यावरच अडलात. मांजर पोट वर करून पडलं म्हणजे पोटाला हात लावा असं नसतं. शेपूट आपटायला लागलं, कान मागे गेले की हात काढायचा. आणि ससा तर मुलांना उचलू देऊच नका. आमचा भाच्याच्या हातात धडपडला, मागचे पाय जोरात झाडले आणि कणा मोडला. वाचला नाही. मुलाला जमिनीवर बसवा, सशाला येऊ दे. फोटोसाठी मुलाला प्राण्याच्या गळ्यात पडायला लावणारे मोठेच असतात, त्यांचा मला फार राग येतो.

वाटसरू
फोटोचं पटलं, तो प्रकार आमच्याकडेही होतो. कुत्र्याची झोपायची जागा वेगळी करून मधे फाटक लावतो. पण रोज हात धरून शिकवणं मला जमणार नाही, स्पष्ट सांगतो.

पाऊलखुणा
नाही जमलं त्या दिवशी दोघांना एका खोलीत एकटं सोडू नका, पाच मिनिटंसुद्धा. दात लागला किंवा ओरखडा आला तर साबण आणि वाहत्या पाण्यानं 15 मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा. घरचं कुत्रं आहे म्हणून थांबू नका. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही.

वाटसरू
फाटक उद्या बसतंय. दटावण्याबद्दल माझं मत अजून बदललेलं नाही. पण पुन्हा गुरगुरला तर आधी पोरीला उचलेन.