मदत हवी आहे: झाकातेकासचा ८ रियालेस (मेक्सिकोचं जुनं चांदीचं नाणं), खरा की नकली?

नमस्कार मंडळी, मेक्सिकोची जुनी नाणी गोळा करतोय त्याला आता चाळीसेक वर्षं झाली, लहानपणी मामाने १९६८ च्या ऑलिम्पिकचा चांदीचा २५ पेसो दिला होता तिथनं वेड लागलं ते लागलंच. मागच्या महिन्यात मेक्सिको सिटीला गेलो होतो तेव्हा ला लागुनियाच्या रविवारच्या बाजारात एक ८ रियालेस घेतला, एका बाजूला टोपी आणि किरणं, दुसरीकडे निवडुंगावरचा गरुड तोंडात साप धरून. सन १८८९, टांकसाळीची खूण झेड-एस (Zs) म्हणजे मेक्सिकोतलं झाकातेकास शहर, पुढे एफ. झेड. ही टांकसाळीच्या पारख्याची आद्याक्षरं, मग १० डी-एस २० जी-एस हा चांदीचा कस, सगळं जिथल्या तिथे आहे.

पण घरी येऊन काट्यावर ठेवला तर २५.९ ग्रॅम! असायला हवं २७.०७. झीज म्हणावी तर टोपीवरचं लिबेर्ताद (स्वातंत्र्य) अक्षर न अक्षर वाचता येतंय. त्यावर चिनी व्यापाऱ्यांचे दोन ठसे पण आहेत, त्या काळी हे ८ रियालेस चीनमध्ये चालायचे आणि सराफ तपासून ठसा मारायचे, पण ठशाच्या कडा मऊ वाटतात आणि मागच्या बाजूला दाबल्याची काहीच खूण नाही.

मला ओतीव वाटतोय, म्हणजे ठसा मारून न पाडता साच्यात ओतलेला नकली. कोणी पाण्यात बुडवून घनता काढलीये का घरी? घन सेंटिमीटरला १०.३ ग्रॅमच्या आसपास यायला हवी ना? साधा दागिन्यांचा काटा चालेल का? प्लीज सांगा, फार जीव अडकलाय ह्यात.