मदत हवी आहे: लव्हाळ्याची नवी व्हरायटी (स्पीशीजच्या खालचा दर्जा) लिहितोय, अडकलोय

कोल्हापूरजवळच्या मसाई पठारावर जांभ्याच्या पातळ मातीत फिम्ब्रिस्टायलिस डायकोटोमा या लव्हाळ्याचा एक गट सापडलाय, फळावर उभ्या कडा नेहमीच्या ५ ते ९ ऐवजी १२-१३, बाकी चपटी स्टाइल (फुलातली परागवाहिनी), तिच्या २ शाखा, वरची झालर सगळं तसंच, म्हणून नवी स्पीशीज म्हणायला मन धजत नाही. मातीमुळे असेल म्हणून कुंडीत बागेच्या मातीत बियांपासून वाढवला, तरी कडा तेवढ्याच आल्या. पिकलेलीच फळं मोजलीत, दोन पावसाळे. डीएनएला पैसे नाहीत, साधा स्टिरिओ मायक्रोस्कोप आहे. नवं नाव देताना २०१२ पासून लॅटिन सक्तीचं नाही, इंग्रजी डायग्नोसिस (वेगळेपण सांगणारं छोटं वर्णन) चालतं, होलोटाइप (नावाचा आधार असलेला एकमेव नमुना) कुठल्या हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) ते द्यावं लागतं, एवढं माहितीये. पण गट एकाच पठारावर आहे, तर फक्त कडांच्या फरकावर व्हरायटी टिकेल का, आणि किती झाडांची मोजमापं दिली तर रिव्ह्यूअर मान्य करतात?