आर्क्टिकच्या भूमीचा आणि शाश्वततेचा अभ्यास कोठून सुरू करावा?

प्रश्न – भूगोल_विद्यार्थिनी

पदव्युत्तर प्रबंधासाठी मला आर्क्टिकची भूमी, पर्यावरण आणि शाश्वतता हा विषय घ्यायचा आहे. आतापर्यंतचे माझे वाचन बहुतेक समुद्रावरील बर्फाविषयी झाले. सप्टेंबर 2012मध्ये त्याचे क्षेत्र सुमारे 34 लाख चौरस किलोमीटरपर्यंत घटले, हा नीचांक जवळपास प्रत्येक लेखात आढळतो. जमिनीविषयी मात्र तुटक उल्लेखच सापडतात. शिवाय अभ्यासक्षेत्राची सीमा 66 अंश 33 मिनिटांचे आर्क्टिक वृत्त मानावी, की जुलैच्या सरासरी 10 अंश सेल्सिअस तापमानाची रेषा, याचाही निर्णय होत नाही. प्रत्यक्ष तेथे न जाता असा अभ्यास करता येईल का?

उत्तर – गोठलेली_माती

सीमेपासून सुरुवात करतो. आर्क्टिक वृत्त सूर्याच्या स्थितीवरून ठरते, त्यामुळे तेथील माती आणि वनस्पतींविषयी ते फारसे काही सांगत नाही. ग्रीनलँडचे दक्षिण टोक वृत्ताबाहेर राहूनही आर्क्टिक स्वरूपाचे आहे, तर उबदार सागरी प्रवाहामुळे नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्याचा बराच भाग वृत्ताच्या आत असूनही तसा नाही. जमिनीचा अभ्यास करायचा असेल, तर वृक्षरेषेच्या, म्हणजे जिच्या पलीकडे झाडे वाढत नाहीत त्या सीमेच्या, आसपास जाणारी तापमानाची रेषाच अधिक उपयोगी आहे.

जमिनीच्या अभ्यासाचा गाभा म्हणजे पर्माफ्रॉस्ट, अर्थात सलग दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ शून्य अंशाखाली राहिलेली जमीन. उत्तरेकडील अशा जमिनीत सुमारे 1,400 ते 1,600 अब्ज टन सेंद्रिय कार्बन साठलेला आहे. वातावरणातील कार्बनच्या तो जवळजवळ दुप्पट भरतो. हा आकडा पाहून अनेक जण थेट हवामानाच्या संगणकीय प्रारूपांकडे वळतात. माझ्या मते आधी मोजमाप कसे होते ते समजून घ्यावे. उन्हाळ्यात वितळणाऱ्या वरच्या थराला सक्रिय थर म्हणतात. 1990च्या दशकाच्या सुरुवातीपासून अनेक ठिकाणी, ठरवून दिलेल्या चौकटीतील बिंदूंवर उन्हाळ्याच्या अखेरीस धातूची सळई जमिनीत खुपसून या थराची खोली नोंदवली जात आहे. पद्धत अगदी साधी आहे, पण तिच्यात एक खोच आहे. जमिनीतील बर्फ वितळला की पृष्ठभागच खचतो, त्यामुळे सळई गेल्या वर्षीइतकीच आत गेली तरी प्रत्यक्षात वितळण अधिक झालेले असू शकते. म्हणून खोलीच्या नोंदींबरोबर पृष्ठभागाच्या उंचीतील बदलही पाहावा लागतो, आणि तो उपग्रहांच्या रडार प्रतिमांवरून काढता येतो. या प्रतिमा, तसेच ‘आर्क्टिकडेम’ हे दोन मीटर सूक्ष्मतेचे उंचीचे प्रारूप, विनामूल्य उपलब्ध असल्यामुळे तेथे न जाताही बरेच काम होते.

उत्तर – कळपामागे

वरील उत्तर उपयुक्त आहे; तथापि त्यात जमीन केवळ कार्बनचे कोठार म्हणून दिसते, आणि प्रश्नातील शाश्वततेचा भाग सुटतो. तेथे लोक राहतात, आणि शाश्वतता कोणाची, हा वाद न्यायालयापर्यंत गेलेला आहे. नॉर्वेतील फोसेन येथील पवनचक्क्यांचे परवाने सामी या तेथील मूलनिवासी समाजाच्या रेनडिअरपालकांच्या सांस्कृतिक हक्कांचा भंग करतात आणि म्हणून ते अवैध आहेत, असा निकाल त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2021मध्ये दिला. निकालानंतरही पवनचक्क्या फिरतच राहिल्या आणि 2023मध्ये ऑस्लोत आंदोलन झाले. फोसेन आर्क्टिक वृत्ताच्या बरेच दक्षिणेस आहे, म्हणजे चराईचा प्रश्न घेतला तर आपल्या दोन्ही सीमारेषा अपुऱ्या पडतात.

विज्ञानाच्या बाजूनेही पशुपालकांची माहिती टाळता येत नाही. बर्फावर पाऊस पडून गोठला की कठीण कवच तयार होते आणि रेनडिअरांना खालची दगडफुले उकरता येत नाहीत. नोव्हेंबर 2013मध्ये रशियातील यमाल द्वीपकल्पावर असा पाऊस झाल्यानंतर सुमारे 61,000 रेनडिअर उपासमारीने मेले. केवळ बर्फाच्या जाडीची नोंद पाहणाऱ्याला त्या हिवाळ्यात काही विशेष घडल्याचे कदाचित जाणवलेही नसते. आपल्या प्रदेशातील संशोधनाचे विषय आणि माहितीवरील नियंत्रण आपल्याकडे असावे, अशी भूमिका कॅनडातील इन्युइट या मूलनिवासी लोकांच्या संघटनेने 2018च्या संशोधन धोरणात मांडली आहे. ते धोरण वाचल्याखेरीज प्रबंधाचा आराखडा करू नये.

उत्तर – उत्तरेची_वाट

प्रत्यक्ष जाण्याची संधी मिळाली, तर नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातील लाँगयिअरब्येन येथील 1993मध्ये सुरू झालेले स्वालबार्ड विद्यापीठ केंद्र हा चांगला मार्ग आहे. वस्तीबाहेर ध्रुवीय अस्वलांचा धोका असल्याने तेथे क्षेत्रकार्याआधी सुरक्षा-प्रशिक्षण घ्यावे लागते. जवळच्या नी-ओलेसुन येथे भारताचे ‘हिमाद्री’ हे केंद्रही 2008पासून आहे. मात्र या सोयींमुळेच स्वालबार्डवरील संशोधन प्रमाणाबाहेर वाढले आहे. उबदार प्रवाहाच्या कडेला असलेल्या आणि मूलनिवासी समाज नसलेल्या या द्वीपसमूहावरून साऱ्या आर्क्टिकविषयी निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. दुसरीकडे 2022पासून रशियाशी असलेले वैज्ञानिक सहकार्य बऱ्याच अंशी थांबले आहे, त्यामुळे पर्माफ्रॉस्टच्या फार मोठ्या भागातील ताज्या नोंदी मिळणे कठीण झाले आहे.

भूगोल_विद्यार्थिनी

सर्वांची आभारी आहे. यमालचा विचार मनात आला होता, पण नोंदींची ही अडचण पाहता तो सोडावा लागेल असे दिसते. गोठलेली जमीन आणि चराई हे दोन्ही विषय एकत्र येतील, असा एखादा लहान प्रदेश सुचवाल का?

गोठलेली_माती

नॉर्वेतील फिनमार्कचा अंतर्भाग, विशेषतः काउतोकेइनोचा परिसर पाहावा. तेथील दलदलीत पाल्सा नावाचे, आत गोठलेला गाभा असलेले पीटचे, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या मातीचे, उंचवटे आहेत. 1950च्या दशकापासूनच्या हवाई छायाचित्रांवरून त्यांचे क्षेत्र झपाट्याने घटल्याचे दिसते. तोच भाग सामी कळपांचा हिवाळी चराईचा प्रदेश आहे. जुनी छायाचित्रे नव्या प्रतिमांशी जुळवताना सावल्यांमुळे उंचवट्याची कड चुकीची आखली जाते, म्हणून पहिल्याच टप्प्यात काही मोजके पाल्सा निवडून ते हाताने आखावेत आणि त्यातील चूक किती येते ते नोंदवून ठेवावे.