मुंबईच्या हवामानाच्या बलूनमध्ये ह्युमिडिटी ६५ टक्के आणि नाशिकवर ढग, कसं काय?

गंगापूररोडकर:
काल संध्याकाळी धरणाकडे गेलो होतो, वर पिंजलेल्या कापसासारखे पांढरे ढग, खूप उंचावरचे. म्हणून मुंबईच्या संध्याकाळच्या बलूनचा डेटा बघितला तर २५० हेक्टोपास्कल हवेच्या दाबाला, म्हणजे ११ किमी उंचीच्या आसपास, तापमान -४०, ड्यू पॉइंट (ज्या तापमानाला दव धरू लागतं ते) -४४, म्हणजे ह्युमिडिटी ६५ टक्केच की. ढगाला १०० लागते ना? सेन्सर गंडलाय का?

ढगवेडा:
नाही भाऊ, सेन्सर बरोबर आहे. रेडिओसाँडमध्ये (बलूनला टांगलेलं मोजायचं यंत्र) शून्याखालची ह्युमिडिटीसुद्धा द्रव पाण्याच्या हिशोबानेच देतात, आणि ते ढग तर बर्फाच्या स्फटिकांचे, बर्फाला कमी वाफ पुरते. -४० ला पाण्याच्या हिशोबाने ६८ टक्के झाले की बर्फासाठी १०० भरले. म्हणजे तुमचे ६५ हे बर्फाचे ९५ च्या वर गेले! नवीन स्फटिक तयार व्हायला १०० च्याही वर जावं लागतं, पण आधी झालेले ९५ ला लगेच विरत नाहीत, वाऱ्याबरोबर लांबवर येतात.

हवा_पाणी:
+१. शिवाय सेन्सरचा संथपणा पण धरा. आत पॉलिमरचा पातळ थर असतो, तो वाफ शोषतो आणि त्याची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवायची क्षमता) बदलते, तीच मोजायची. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे पटकन होतं पण -७० ला वाफ आत-बाहेर व्हायला फार वेळ लागतो, जुन्या सेन्सरला तर मिनिटं लागायची, आणि बलून तोवर मिनिटाला ३०० मीटर वर गेलेला असतो, त्यामुळे ढगाचा पातळ थर डेटात पसरट आणि कोरडा दिसतो. दिवसा उन्हाने सेन्सर तापला की अजून कोरडा. हे सगळं गणिताने दुरुस्त करतात, तरी १५ किमीच्या वरचे आकडे मी जपूनच वापरतो, तिथे खरं मोजायचं तर थंड केलेल्या आरशावर दव-बर्फ धरणारं उपकरण लागतं, ते महाग, रोज दोनदा कोण सोडणार.

पिंपळगाव_द्राक्ष:
आमच्या बागेतल्या स्टेशनला हाच सेन्सर असतो का? धुकं गेल्यावरही बराच वेळ १०० वरच अडकतो, डावणीची (द्राक्षावरच्या बुरशी रोगाची) फवारणी ठरवायची कशी?

हवा_पाणी:
दादा, बहुतेक स्टेशनला हाच प्रकार असतो. टोकावर पाणी साचलं की ते सुकेपर्यंत १०० च दाखवणार. बलूनमध्ये ढगातून गेल्यावर हाच त्रास व्हायचा, म्हणून नव्या रेडिओसाँडमध्ये सेन्सर बारीक हीटरने गरम ठेवतात. बागेतल्याला ते नसतं बहुधा, त्यामुळे सकाळी नुसत्या ह्युमिडिटीवर जाऊ नका, पानांच्या ओलेपणाचा सेन्सर असेल तर तो बघा, नाहीतर सरळ पानाची खालची बाजू बघा, आणि सेन्सरची जाळी धुळीने भरली असेल तर साफ करा.