विधानसभेत संख्याबळ नसलेल्या भाषिकांचे हक्क कशाच्या आधारावर टिकतात?

प्रश्न (खानापूर तालुका, कर्नाटक)
आमच्या गावात घरपट्टीची नोटीस आणि ग्रामसभेची सूचना केवळ कन्नडमध्ये येते. आईला मराठी उत्तम वाचता येते, पण पट्टी भरण्याची मुदत तिला शेजारच्या मुलाकडून वाचून घ्यावी लागते. कन्नडला माझा विरोध नाही. ती राज्याची भाषा आहे आणि मुलांनी ती शिकलीच पाहिजे. मात्र २२४ जागांच्या विधानसभेत आमचे दोन-चार आमदार निवडून आले तरी कायदा बहुसंख्याकांच्याच मनाप्रमाणे होणार असेल, तर आमच्या हक्कांना आधार कोणाचा?

उत्तर (टिळकवाडी, बेळगाव)
देश विस्तृत असला की त्यात गट अनेक होतात आणि एकाच गटाला बहुमताच्या जोरावर इतरांना दडपणे अवघड जाते, असे अमेरिकेच्या राज्यघटनेचे एक शिल्पकार जेम्स मॅडिसन यांनी १७८७ साली मांडले होते. आर्थिक हितसंबंधांच्या बाबतीत ते पटते, कारण ऊसदरासाठी एकत्र आलेले शेतकरी पाणीवाटपावरून वेगळे होतात. भाषेचे संख्याबळ असे हलत नाही, आणि १९५६ च्या भाषावार राज्यरचनेने तर ते राज्याच्या पायातच घातले. म्हणूनच विधानसभेच्या हाताबाहेरचे संरक्षण लागते. भाषा जतन करण्याचा भारतीय राज्यघटनेच्या कलम २९ मधील हक्क मूलभूत आहे; राज्यातील कोणतेही बहुमत तो काढून घेऊ शकत नाही.

उत्तर (निपाणी)
आपल्या कामाचे कलम ३५० आहे. गाऱ्हाण्याचे निवेदन राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क त्यात प्रत्येक व्यक्तीला दिला आहे. अर्ज मराठीतच द्या आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. उत्तर मराठीत मिळेलच, अशी हमी त्या कलमात नाही, ही खरी उणीव आहे. कलम ३५०ब खालचा भाषिक अल्पसंख्याक अधिकारी राष्ट्रपतींना अहवाल देतो, आदेश देऊ शकत नाही. दाद मागायची तर उच्च न्यायालयाचे धारवाड खंडपीठ आहे, पण तेथवर जाण्याचा खर्च सामान्य कुटुंबाला झेपत नाही, आणि याचेच मला फार वाईट वाटते.

उत्तर (बेळगाव तालुका)
आमच्या पंचायतीत मराठी सदस्यांचे बहुमत आहे आणि गावात कन्नड व उर्दू बोलणारी घरेही आहेत. जे आपण बंगळूरकडे मागतो, ते या घरांना आपण स्वतः दिले पाहिजे. ग्रामसभेची सूचना तिन्ही भाषांत फळ्यावर लावावी, असा ठराव मी पुढच्या बैठकीत मांडणार आहे.