घरच्या बागेतला टोमॅटो: कोणतं वाण लावता, आणि पुन्हा लावाल का?

पाकिटावरच्या फोटोत सगळीच वाणं देखणी असतात. म्हणून ज्यांनी लावून, खाऊन पाहिलंय त्यांनीच लिहा. कुंडी की जमीन, तेही सांगा.

सुरुवात मीच करते. सनगोल्ड, नारिंगी चेरी टोमॅटो. इतकी गोड की स्वयंपाकघरापर्यंत पोचतच नाही. वेल माणसाच्या डोक्यावर जातो, ताटी पक्की हवी. खोट एकच, साल पातळ. कोरड्या मातीला एकदम पाणी मिळालं की फळं तडकतात. आभाळ भरून आलं की रंग धरलेली सगळी मी आधीच उतरवते.

*

बाल्कनीवाल्यांनो, चव नंतर, आधी वाण झुडपी (ठरावीक उंचीला थांबणारं) की वेलवर्गीय (वाढतच जाणारं) ते बघा. माझ्याकडे टायनी टिम. रोप दीड फुटाच्या आत, आधाराची कटकट नाही. चव बेताचीच, पण खिडकीतून हात घालून तोडता येतात.

*

आटवून ठेवायचे तर रोमाच. गर जाड, पाणी कमी. झुडपी असल्याने फळं बहुतेक एकदमच येतात, रोज दोन-चार हवे असणाऱ्यांची पंचाईत. आणि कृपया, याच्या बगलफुटी (पान आणि खोडाच्या बेचक्यातले कोंब) खुडू नका! तो नियम वेलवर्गीयांचा. इथे फळंच घटतात. फळांची बुडं काळी पडली तर लगेच अंड्याची टरफलंही नकोत. कॅल्शियम बहुधा मातीत असतंच, पाण्याची पाळी चुकल्याने ते फळापर्यंत पोचत नाही.

*

ब्रँडीवाइनच्या चवीबद्दल वाद नाही. पण लावणीनंतर 80 ते 100 दिवस थांबायचं, आणि तोवर उन्हाळा गाठतो. रात्रीही 24 अंशांच्या वर राहिलं की परागण बिघडतं, फुलं देठासकट गळतात. मोठ्या फळांच्या वाणांना हा फटका जास्त. शेजारची चेरी त्यातही फळ धरत राहते. शिवाय 30 अंशांवर लाल रंग नीट चढत नाही. पिवळट झालेली फळं तोडून घरात सावलीला ठेवते, तिथे चढतो. पुन्हा लावेन? एकच रोप, तेही लवकर.

*

चवीच्या गप्पा रोप जगलं तर! पांढरी माशी आली की बोकड्या, म्हणजे पानं आकसण्याचा रोग, ठरलेला. अर्का रक्षक हे वाण पर्णगुच्छ (हाच बोकड्या), जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा, तिघांनाही दाद देत नाही. सॅलडला मजा नाही, पण फळ टिकतं.

*

मी बी धरते, म्हणून संकरित नकोच. पुढची रोपं आईसारखी निघत नाहीत. चेरोकी पर्पल धरते. बिया रसासकट दोन-तीन दिवस आंबवायच्या, वर पापुद्रा आला की धुवायच्या, बुळबुळीत आवरण सुटतं. हे वाण पिकल्यावरही देठाजवळ हिरवट राहतं, त्यामुळे रंगावर जाऊ नका, हलकं दाबून बघा.

सनगोल्डही संकरितच. त्याचं बी धरून कुणी पाहिलंय का? काय काय निघालं?